ट्रायथलॉनची तयारी पुण्यात कशी सुरू करायची? आणि पहिले पैसे पाण्यातच का घालायचे?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या एखाद्या रविवारी दुपारनंतर फेसबुक-इन्स्टाग्रामवर एकाच प्रकारचे फोटो दिसायला लागतात. मागे गोव्यातला मिरामारचा किनारा, गळ्यात मेडल, घामाच्या मिठाने पांढरे पडलेले कपडे आणि खाली अभिनंदनाचा पाऊस. ‘आयर्नमॅन ७०.३ गोवा’ ही स्पर्धा २०१९ मध्ये सुरू झाली. कोरोनाची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं सोडली तर ती होत आली आहे. पुण्याहून गोवा एका रात्रीच्या प्रवासावर, त्यामुळे ऑफिसात किंवा सोसायटीत कोणीतरी ती करून आलेलं असतं आणि मग इतरांनाही वाटतं, आपण का नाही?

अशा वेळी मनात येणारा पहिला प्रश्न बहुतेकांचा सारखाच असतो. सायकल कुठली घ्यायची?

खरं तर हा प्रश्न यादीत बराच खाली यायला हवा. ट्रायथलॉनमध्ये सुरुवात पोहण्याने होते, सर्वांत जास्त घाबरगुंडी तिथेच उडते आणि जिवाचा धोकाही तिथेच सर्वांत जास्त असतो. त्यामुळे नवख्या माणसाने पहिले पैसे पाण्यात घालावेत, अगदी शब्दशः. टँकची फी, कोचची फी आणि बरा गॉगल. सायकल थांबू शकते.

नेमकं किती अंतर असतं?

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल चालवणं आणि पळणं, याच क्रमाने, मध्ये घड्याळ न थांबवता. कपडे आणि बूट बदलायला लागणारा वेळही एकूण वेळेत धरला जातो. या बदलाच्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात.

सगळ्यात छोटा लोकप्रिय प्रकार म्हणजे स्प्रिंट. त्यात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं. त्याच्या दुप्पट ऑलिंपिक, म्हणजे दीड किलोमीटर, ४० आणि १०. हाच प्रकार २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये खेळला जातो. गोव्यात होते ती हाफ. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं. मैलांत मोजलं तर हे सगळं ७०.३ भरतं, म्हणून ते नाव. फुल म्हणजे याच्या दुप्पट, ३.८, १८० आणि शेवटी अख्खी ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन.

‘आयर्नमॅन’ हे एका कंपनीच्या स्पर्धांचं नाव आहे, खेळाचं नाही. पण आपल्याकडे टूथपेस्टला कोलगेट म्हणतात तसं झालंय. त्याचा एक तोटा असा की ७५० मीटरची स्प्रिंट ट्रायथलॉन करणाऱ्यालाही ‘मग आयर्नमॅन कधी?’ असं विचारलं जातं, आणि नवखा माणूस पहिल्याच वर्षी थेट हाफला नाव नोंदवून बसतो.

नौदलातल्या वादातून जन्म

ट्रायथलॉन या नावाने पहिली स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे झाली. त्यात भाग घेतलेले नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी पुढे हवाईला गेले. तिथे जास्त फिट कोण, पोहणारे, पळणारे की सायकलवाले, असा वाद रंगला. कॉलिन्स यांनी त्या बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरं एकापुढे एक जोडली. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण निघाले, १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली. आज हे कोणी करू नये.

मराठी माणसापर्यंत हा खेळ पोहोचला तो मुख्यतः मिलिंद सोमण यांच्यामुळे. २०१५ मध्ये, पन्नाशीला काही महिने बाकी असताना, त्यांनी झुरिकची फुल आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. २०१७ मध्ये आयपीएस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समध्ये ती केली. नंतर ते पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्त झाले. मूळची नाशिकची अभिनेत्री सैयामी खेर हिने २०२४ मध्ये जर्मनीत आणि २०२५ मध्ये स्वीडनमध्ये हाफ पूर्ण केली. पुण्यात हा खेळ रुजवणाऱ्यांत कौस्तुभ राडकर यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. वीसहून जास्त फुल आयर्नमॅन केलेले राडकर आज अनेकांचे कोच आहेत. २०१७ मध्ये फ्लोरिडातली ‘अल्ट्रामॅन’ ही तीन दिवसांची, ५१७ किलोमीटरची स्पर्धा पूर्ण करणाऱ्या पाच भारतीयांत सोमण आणि राडकर दोघंही होते.

पण या दोघांच्या बाबतीत एक गोष्ट फोटोत दिसत नाही. दोघंही मुळात राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. सायकल आणि पळण्याची मेहनत त्यांनी नंतर घेतली, पाणी मात्र लहानपणापासून अंगात मुरलेलं होतं. वयाच्या पस्तिशीत पहिल्यांदा टँकची पायरी उतरणाऱ्याने त्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून चालत नाही.

पाण्याला इतकं महत्त्व का?

अमेरिकेतल्या ट्रायथलॉन स्पर्धांमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८५ ते २०१६ या काळातल्या अशा १३५ घटना त्यात तपासल्या होत्या. त्यातल्या ९०, म्हणजे दर तीनपैकी दोन, पोहण्याच्या टप्प्यात घडलेल्या होत्या. बळी पडलेल्यांत पुरुष ८५ टक्के आणि सरासरी वय ४७ च्या आसपास. प्रमाण तसं कमी आहे, एक लाख स्पर्धकांमागे दोनहून कमी. तरीही पोहण्याचा टप्पा सगळ्यात कमी वेळाचा असतो हे लक्षात घेतलं तर हा आकडा बोलका आहे.

कारण समजायला सोपं आहे. सायकलवर दम लागला तर पाय थांबवता येतात, पळताना चालता येतं. पाण्यात मात्र दम लागला की श्वास घेण्याचीच चोरी. त्यात स्पर्धेच्या सुरुवातीला छाती आधीच धडधडत असते, आजूबाजूला हातपाय मारणारे लोक असतात, कोणाची तरी लाथ लागते, गॉगल निघतो. टँकमध्ये सहज किलोमीटरभर पोहणारा माणूसही समुद्रात पहिल्या शंभर मीटरमध्ये घाबरून गटांगळ्या खाऊ शकतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी तीन-चार महिने फक्त पोहणं शिकण्यासाठी धरावेत, आठवड्यातून तीन दिवस. या काळात कुठल्याही स्पर्धेला नाव नोंदवू नये. ‘मला येतं पोहायला’ म्हणणाऱ्यांनीही एकदा प्रामाणिक परीक्षा घ्यावी. भिंतीला न धरता, न थांबता ४०० मीटर जमतात का? गावच्या विहिरीत शिकलेल्यांना पाण्याची भीती नसते, ही फार मोठी जमेची बाजू. पण डोकं वर ठेवून पोहण्याच्या सवयीमुळे ते पाच मिनिटांत थकतात. त्यांना कोचकडून श्वासाची पद्धत तेवढी दुरुस्त करून घ्यावी लागते. पाण्यात तोंड असताना श्वास सोडायचा, वळवल्यावर फक्त घ्यायचा. निम्मं फ्रीस्टाइल या एका गोष्टीत आहे.

ट्रायथलॉनमध्ये फ्रीस्टाइलच केलं पाहिजे असा नियम नाही. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, दमल्यावर उताणं तरंगलेलं चालतं. पाण्यात उभ्या असलेल्या मदतीच्या कयाकला धरून श्वास घेतला तरी सहसा कोणी बाद करत नाही, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. ही गोष्ट आधी माहीत असली की निम्मी भीती जाते.

पुण्यात पोहायचं कुठे?

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातला ५० मीटरचा तलाव २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांमुळे सगळ्यांना माहीत आहे. डेक्कन जिमखान्याचा टिळक तलाव हे पुण्यातलं पोहण्याचं जुनं ठिकाण. याशिवाय महापालिकेचे आणि शाळा-क्लबांचे तलाव आहेत. तलाव निवडताना चकचकीतपणापेक्षा तीन गोष्टी बघाव्यात. लांबी किमान २५ मीटर आहे का, लेन आखलेल्या आहेत का आणि सकाळच्या बॅचला जीवरक्षक हजर असतो का. महिलांसाठी वेगळी बॅच हवी असेल तर तिची वेळ आधी विचारावी, कारण ती अनेक ठिकाणी ऑफिसच्या वेळेतच असते.

सोसायटीतला टँक या कामाचा सहसा नसतो. काजूच्या आकाराच्या बारा मीटरच्या टँकमध्ये चार हात मारले की वळावं लागतं. पाणी कमरेएवढं असतं, त्यामुळे दमलं की पाय टेकतात आणि तीच सवय लागते. २५ मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे ३० लांब्या आणि गोव्याच्या हाफसाठी ७६. हा आकडा डोळ्यांसमोर असला की आपण कुठे आहोत ते कळतं. एप्रिल-मे मध्ये सुट्टीतल्या मुलांनी टँक भरून जातात आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं पाणी हाडं गोठवतं. शिकायला सुरुवात करायची तर पावसाळा वाईट नाही. गर्दी कमी असते आणि सायकलला रस्तेही तसे धड नसतात.

खुल्या पाण्याचा सराव मात्र पुणेकरांसाठी खरी अडचण आहे. खडकवासला, पानशेत, मुळशी समोर दिसतात, मोह होतो. पण धरणाच्या पाण्यात उतरायला मनाई आहे आणि ती कागदी नाही. काठावर अचानक खोल होणारा तळ, गाळ, झाडाझुडपांत अडकणारे पाय यांमुळे चांगले पोहणारेही तिथे दगावले आहेत. त्यापेक्षा कोचसोबत गटाने कोकणात किंवा गोव्यात जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर दोन-तीन वेळा जाणं बरं. मालवणच्या चिवला बीचवर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत वेगवेगळ्या वयोगटांसाठी छोट्या-मोठ्या अंतराचे गट असतात. ट्रायथलॉनआधी समुद्राची ओळख करून घ्यायला हा चांगला मार्ग. कमरेला बांधायचा भडक रंगाचा हवेचा फुगा सरावात सोबत ठेवावा. तो पोहण्यात आडवा येत नाही, लांबून दिसतो आणि वेळेला आधार देतो.

समुद्रात तळाची रेघ नसते. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून समोरचा बोया बघावा लागतो, नाहीतर माणूस तिरपा जाऊन १.९ चे सव्वादोन किलोमीटर पोहतो. हे डोकं वर काढणं टँकमध्येच घोटून घ्यावं. आणि सुरुवातीला पुढच्या रांगेत उभं राहायचा मोह आवरावा. मागे, एका कडेला उभं राहून मिनिटभर उशिरा पाण्यात शिरलं तर फार काही बिघडत नाही.

आधी डॉक्टर, मग नोंदणी

चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि घरात कोणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी तयारी सुरू करायच्या आधी डॉक्टरांना भेटावं. ईसीजी, इको, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट यातलं काय करायचं ते तेच सांगतील. छातीत दडपण, चक्कर, धडधड असं काही सरावात झालं तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढे रेटू नये. आयोजक मागतात तो फिटनेसचा दाखला ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही करून घेणं म्हणजे स्वतःलाच फसवणं आहे.

आता सायकल

घरात गिअरची कुठलीही सायकल असेल तर पहिले तीन महिने तीच चालवावी. बहुतेक स्थानिक स्प्रिंट स्पर्धांत माउंटन बाइक किंवा हायब्रिड चालते. ब्रेक नीट हवेत आणि हँडलची टोकं बंद हवीत, नाहीतर पडल्यावर ती नळी पोटात घुसू शकते. या तीन महिन्यांत पहाटे उठणं आपल्याला झेपतं का हेही कळतं. पुण्यात कित्येक महागड्या सायकली बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी येतात, ते उगाच नाही.

नवी घ्यायचीच तर हायब्रिड साधारण १५ ते २५ हजारांत आणि सुरुवातीची रोड बाइक ३५-४० हजारांच्या पुढे मिळते. हाफचं स्वप्न असेल तर हायब्रिडवर पैसे घालून वर्षात पुन्हा विकण्यापेक्षा थोडं थांबून थेट ॲल्युमिनियमची रोड बाइक घेणं शहाणपणाचं. कार्बनच्या लाखभराच्या सायकलने दोन किलो वजन वाचतं. नवख्याच्या बाबतीत ते पोटावरून कमी करणं स्वस्त पडतं. पुढे झुकून चालवायच्या टाइम ट्रायल सायकली दिसतात भारी, पण त्यांचं नियंत्रण अवघड. पुण्याच्या गतिरोधकांवर तर नकोच.

सायकलच्या ब्रँडपेक्षा साइज महत्त्वाचा आहे. ‘सवलतीत हीच शिल्लक आहे, सीट खाली-वर करून देतो’ असं दुकानदार म्हणाला तर तिथून निघावं. सीटची उंची बदलता येते, फ्रेमची लांबी नाही. एक नंबर मोठी फ्रेम घेतली की मान, पाठ आणि मनगटं तासाभरात बोलायला लागतात. घेतल्यानंतर जाणकाराकडून एकदा बसण्याची मापं जुळवून घ्यावीत. याला फिटिंग म्हणतात आणि कार्बनच्या चाकांपेक्षा हा खर्च जास्त कामाचा आहे.

सेकंडहँड सायकल हा चांगला पर्याय आहे, कारण हौस फिटलेले लोक बरेच असतात. मात्र मूळ बिल मागावंच, चोरीच्या सायकलीही बाजारात येतात. फ्रेमच्या सांध्यांपाशी आणि हँडलखाली भेग आहे का ते उजेडात बघावं. कार्बनची सायकल पडलेली असेल तर बाहेरून न दिसणारा तडा आत असू शकतो. नवख्याने सेकंडहँड कार्बनच्या वाटेला जाऊ नये.

हेल्मेटशिवाय कुठल्याही स्पर्धेत उतरू देत नाहीत. ते सायकलसाठीचंच हवं, आत ‘ईएन १०७८’ किंवा ‘सीपीएससी’ हा शिक्का बघावा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलावं. पहाटेसाठी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. कानात इअरफोन सरावातही नको, स्पर्धेत तर बंदीच असते.

आणि पंक्चर. आपल्या रस्त्यांच्या कडेला बाभळीचे काटे असतात, त्यामुळे दोन ट्यूब, टायर काढायचे चमचे आणि छोटा पंप सोबत पाहिजेच. रोड बाइकच्या ट्यूबला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व असतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीला तो बसत नाही. तिथे लागतो पितळेचा नखाएवढा अडॅप्टर. अगदी थोड्या पैशांची ही वस्तू नसेल तर पानशेत रस्त्यावर हातात सायकल धरून चालत यावं लागतं. ट्यूब बदलायला यूट्यूब बघून नाही, घरी चार वेळा हाताने करून शिकावं, त्यातही मागच्या चाकाची.

रस्ते कुठले?

सकाळी पाच ते साडेसात ही पुण्यात सायकलची वेळ. त्यानंतर ट्रॅफिक. नवख्याला पाषाण-सूस किंवा सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जाऊन येणं पुरेसं. चढाची सवय करायला कात्रजचा जुना घाट आणि सासवडकडे जाणारा बोपदेव घाट. सिंहगडाचा चढ पाय आणि अहंकार दोन्ही तपासतो. उतरताना मात्र वळणावर ब्रेक दाबून न ठेवता वळणाआधीच वेग कमी करायचा. लांब पल्ल्यासाठी निगडीपासून जुन्या महामार्गाने लोणावळा, एका बाजूने साधारण ४० किलोमीटर. द्रुतगती मार्गावर सायकलला परवानगी नाही, तिकडे चुकूनही वळू नये. एकट्याने जाण्यापेक्षा गटाने जावं आणि स्त्री-पुरुष सगळ्यांनीच घरी मार्ग सांगून किंवा फोनवरून लोकेशन देऊन निघावं.

गटात चालवायची एक सवय मात्र स्पर्धेत मोडावी लागते. पुढच्याच्या मागे चिकटून वारा वाचवणं, म्हणजे ड्राफ्टिंग, हौशी ट्रायथलॉनमध्ये चालत नाही. आयर्नमॅनमध्ये हौशी स्पर्धकांना पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. पंचांनी पकडलं तर शिक्षेच्या तंबूत उभं राहून मिनिटं मोजावी लागतात.

पळणं सोपं, पण सायकलनंतर नाही

पुण्यात पळण्याबद्दल फार सांगायला नको. १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होणारं हे शहर. वेताळ टेकडी, तळजाई, विद्यापीठाचा परिसर, सणस मैदान, जागांची वाण नाही. बूट पायाला बसणारे घ्यावेत. दुकानात संध्याकाळी जावं, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात आणि साइज बरोबर कळतो.

खरी गंमत सायकलवरून उतरल्यावर कळते. मांड्या लाकडासारख्या होतात, पाय दुसऱ्याचेच वाटतात. यावर उपाय एकच, सायकल झाली की लगेच बूट बदलून दहा-पंधरा मिनिटं पळायचं. या सरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. आठवड्यातून एक ब्रिक पुरते.

नोकरी सांभाळून किती वेळ द्यावा लागतो?

हिंजवडी किंवा खराडीला रोज जाऊन येणाऱ्यालाही स्प्रिंटची तयारी आठवड्याला पाच-सहा तासांत करता येते. पोहता येत असेल तर बारा आठवडे पुरतात. तीन दिवस पोहणं, दोन दिवस पळणं, शनिवारी किंवा रविवारी सायकल आणि तिला जोडून ब्रिक. एक दिवस पूर्ण विश्रांती, ती टाळायची नाही. वेग कसा ओळखायचा? सरावात बहुतेक वेळ सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द निघायला लागले की वेग जास्त झाला. यासाठी तीस हजारांचं घड्याळ लागत नाही. हाफसाठी हेच आठवड्याला आठ-दहा तासांवर जातं आणि पाच-सहा महिने चालतं. घरच्यांना विचारूनच हे ठरवावं, कारण रविवार सकाळ त्यांचीही असते.

बाकी सामान

पोहण्याचा गॉगल पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून बघावा. क्षणभर चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा. ट्रायसूट हा एकच कपडा तिन्ही प्रकारांत चालतो, वेळ वाचतो. पहिल्या स्प्रिंटला तो नसला तरी अंगालगतची शॉर्ट्स आणि बनियनसारखा टी-शर्ट चालून जातो. परदेशी व्हिडिओत दिसणारा जाड रबरी वेटसूट मात्र विकत घेऊ नये. तो थंड पाण्यासाठी असतो. आयर्नमॅनमध्ये पाणी साधारण २४.५ अंशांपेक्षा गरम असेल तर वेटसूट घालून बक्षिसाच्या स्पर्धेत राहता येत नाही, आणि गोव्याचा समुद्र त्याहून बराच कोमट. पेडलला अडकणारे क्लीट बूट दुसऱ्या वर्षासाठी ठेवावेत. सिग्नलला पाय न सुटून आडवं पडण्याचा अनुभव प्रत्येकाला एकदा येतोच, तो स्पर्धेच्या महिन्यात नको.

खाण्याचं काय? तासाभराच्या सरावाला पाणी पुरतं. त्यापुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, गुळाची पोळी, मीठ घातलेलं लिंबू सरबत हे सगळं चालतं. शेंगदाणा चिक्की पचायला जड, ती संपल्यावर खावी. नुसतं पाणीच लिटरवारी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकतं, म्हणून मीठ किंवा इलेक्ट्रोलाइट सोबत हवं. पुण्याची कोरडी हवा इथे फसवते. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि पुण्यात आरामात पळलेला वेग तिथे झेपत नाही. स्पर्धेच्या दिवशी नवीन काहीही खायचं नाही, फुकट मिळालेलं जेलसुद्धा.

पहिली स्पर्धा कुठली?

आधी एक स्प्रिंट, मग ऑलिंपिक आणि नंतर हाफ. कोल्हापूरच्या राजाराम तलावात पोहण्याचा टप्पा असलेली ‘बर्गमन’ ट्रायथलॉन पुणेकरांना जवळची. तलावात लाटा नसतात आणि गर्दी गोव्यापेक्षा कमी. अंतराचे गट नोंदणीच्या वेळी तपासून घ्यावेत. गोव्याचीच ओढ असेल तर रिलेचा पर्याय आहे, एकाने पोहायचं, दुसऱ्याने सायकल, तिसऱ्याने पळायचं. पूर्ण हाफचं प्रवेश शुल्कच पाच आकडी असतं. त्यात पोहण्याला साधारण ७० मिनिटं आणि सगळं मिळून साडेआठ तासांची मर्यादा असते. टँकमध्ये १.९ किलोमीटरला तासाच्या वर लागत असेल तर यंदा रिले आणि पुढच्या वर्षी पूर्ण, हा हिशेब बरा.

गोव्याला किंवा कोल्हापूरला सायकल नेताना चाकं आणि पेडल काढून, फ्रेमला जुनी चादर किंवा फोम गुंडाळून गाडीत ठेवतात. बसने नेणार असाल तर सायकल घ्यायला तयार आहेत का ते तिकीट काढायच्या आधी विचारावं. पेडल खोलताना एक गोष्ट लक्षात ठेवावी, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं, डावं उजवीकडे. हे माहीत नसल्याने स्पर्धेच्या आदल्या रात्री पान्याला लटकून आटे घालवणारे कमी नाहीत. स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचल्यावर सायकल जोडून किमान पाच किलोमीटर चालवून बघावी, सगळे गिअर पडतात ना आणि ब्रेक चाकाला घासत नाहीत ना हे तपासावं, आणि मगच ती ट्रान्झिशनमध्ये टांगावी.